फॉर्ममधील दशांश संख्या अडते तेव्हा

दादरच्या फुलबाजारातील एका गाळेधारकासाठी मागणीचा फॉर्म करताना झेंडूच्या वजनाच्या रकान्यात २.७५ किलो लिहिले की ब्राउझर अडवत होता आणि ‘जवळची वैध मूल्ये २ आणि ३ आहेत’ अशा अर्थाचा संदेश दाखवत होता. त्या संदेशातच दोष सापडतो: इनपुटचा (रकान्याचा) प्रकार ‘नंबर’ असेल आणि ‘स्टेप’, म्हणजे लागोपाठच्या दोन वैध मूल्यांमधले अंतर, दिलेली नसेल, तर ती १ धरली जाते. वजनासाठी ०.०१ किंवा ०.००१ द्यावी, दशांश स्थळांवर बंधन नको असेल तर ‘एनी’ लिहावे. (कोडमध्ये अंक अर्थातच इंग्रजी.)

एवढ्याने भागले नाही तर ‘मिन’ (किमान मूल्य) पाहावे, कारण पायऱ्यांची मोजणी शून्यापासून नव्हे, तर तेथून सुरू होते, मिन ०.२५ आणि स्टेप ०.५ असल्यास ०.७५ चालते, पण साधा १ नाकारला जातो. हा घोळ मला सर्वांत फसवा वाटतो.

रक्कम मात्र आपले लोक १,२५,०००.५० अशी स्वल्पविराम देऊन लिहितात आणि कधी देवनागरी अंकही वापरतात. त्यासाठी ‘टेक्स्ट’ प्रकार घेऊन ‘इनपुटमोड’ला (मोबाइलवर कोणता कीबोर्ड उघडावा हे सांगणारी सूचना) ‘डेसिमल’ द्यावे, स्वल्पविराम काढून अंक इंग्रजी करावेत आणि मगच तपासणी करावी. थेट ‘पार्सफ्लोट’ (मजकुरातून संख्या काढणारे जावास्क्रिप्टचे फंक्शन) वापरल्यास वरील सव्वा लाखाचा फक्त १ उरतो, तोही कोणतीही तक्रार न करता.

हीच तपासणी सर्व्हरवर पुन्हा करावी आणि रक्कम पूर्णांकी पैशांत साठवावी.