गप्पी-मॉलीची पिल्लं जगत नाहीत? नागपुरात या चुका टाळा

मॉली एकाच जागी थांबून नुसतं अंग हलवत असेल, पुढे सरकतच नसेल, तर औषधाची बाटली उघडू नका. आधी टाकीत कुठलं पाणी आहे ते बघा. बरेचदा ते आरओचं निघतं. गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल या पिल्लं देणाऱ्या माशांना क्षार लागतात (जीएच म्हणजे पाण्याचा जडपणा 10 ते 20, पीएच 7 ते 8) आणि आरओत ते जवळपास नसतातच. आपल्याला जड लागणारं बोअरचं पाणी यांना छान मानवतं. नळाचं वापरत असाल तर बादलीत एअर स्टोन (पंपाला जोडलेला, बुडबुडे सोडणारा दगड) लावून 24 तास ठेवा, क्लोरीन उडून जातो. टाकीतलं आरओ मात्र एका दिवसात बदलू नका. रोज 10 टक्के, असं आठवडाभर करा.

मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो आणि टाकी सहज 33 वर पोचते. कोमट पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंड उघडझाप करताना दिसतात. बर्फ टाकू नका, त्या झटक्याने आणखी मरतात. काचेचं झाकण काढून जाळी लावा आणि छोट्या पंख्याचा वारा पाण्यावर सोडा, दोन-तीन अंश उतरतात. कूलरने खोली दमट झाली असेल तर फरक कमी पडतो. पाणी वाफ होऊन उडतं, क्षार मात्र टाकीतच राहतात. म्हणून उडालेल्या पाण्याची भर आरओने घालायची आणि आठवड्याला 25 टक्के पाणी बदलताना नळाचं किंवा बोअरचं. आरओची खरी जागा ही.

पोट चौकोनी दिसलं की मादीला आठवडाभर ब्रीडिंग बॉक्समध्ये कोंडणं, ही दुसरी मोठी चूक. त्या धसक्याने ती अपुरी पिल्लं टाकते. अशा पिल्लांच्या पोटाला पिवळी पिशवी चिकटलेली दिसते. गर्भ साधारण चार आठवड्यांचा असतो. 25-30 लिटरच्या टाकीत हॉर्नवर्ट किंवा जावा मॉस या पाणवनस्पती दाट भरा, शेवटच्या तीन-चार दिवसांत मादी तिथे सोडा, पिल्लं झाली की लगेच काढा. नाहीतर तीच खाते. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा. मादी शुक्राणू काही महिने साठवते, त्यामुळे नर नसतानाही पिल्लं येतात.

पिल्लांच्या टाकीत स्पंज फिल्टरच लावा, मोठा फिल्टर त्यांना ओढून घेतो. उकडलेल्या अंड्याचा बलक पाणी नासवतो. आर्टेमिया (बारीक कोळंबीसारखे जीव) द्या, नाहीतर फ्लेक बोटांत चुरून दिवसातून तीनदा चिमूटभर. गप्पीच्या पिल्लांत महिन्याभरात नराचा खालचा पर टोकदार होऊ लागतो. तेव्हाच नर वेगळे करा.

जास्तीची पिल्लं फुटाळ्यात किंवा अंबाझरीत सोडू नका. हे मासे बाहेरचे आहेत, तलावातल्या माशांची अंडी-पिल्लं खातात. ओळखीच्या दुकानदाराला विचारा किंवा दुसऱ्या पाळणाऱ्याला द्या.