अॅम्बॅसेडरचं थर्मोस्टॅट हाउसिंग गळतंय? पॅकिंगआधी स्टड बघा

१४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन असलेल्या जुन्या अॅम्बॅसेडरमध्ये थर्मोस्टॅट (पाणी तापलं की उघडणारी झडप) इंजिनाच्या हेडच्या पुढच्या टोकाला, वरच्या बाजूला बसतो. त्यावर अॅल्युमिनियमचं कोपरासारखं वळलेलं हाउसिंग असतं, ते हेडमध्ये रोवलेले तीन स्टड (आटे पाडलेले दांडे) आणि तीन नटांनी आवळलेलं असतं आणि त्याच्या तोंडाला रेडिएटरचा वरचा होज लागतो. हे इंजिन मुळात ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या (बीएमसी) बी-सिरीजचं, त्यामुळे एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स कारवाल्यांनाही ही ठेवण ओळखीची वाटेल. १९९२नंतरच्या इसुझू इंजिनाची रचना वेगळी आहे, त्याला हा मजकूर लावू नका.

आधी गळती नेमकी कुठली, ते ठरवा. इथून निघालेलं पाणी हेडच्या पुढून खाली ओघळतं, पंख्याची हवा ते सगळीकडे उडवते आणि दोष वॉटर पंपावर येतो. पंपाचं सील गेलं असेल तर पाणी पंपाच्या खालच्या बारीक भोकातून येतं. हाउसिंग गळत असेल तर सांध्यापाशी पांढरट-हिरवट खार जमलेला दिसतो. गाडी रात्रभर थंड होऊ द्या, सांधा कोरडा पुसा, इंजिन गरम करा आणि टॉर्च लावून बघा. होजखालच्या नळीवरचा खारही तपासा. तिथे खड्डे पडले असतील तर क्लिप कितीही आवळली तरी पाणी येतच राहणार.

काम थंड इंजिनावरच करायचं. रेडिएटरची खालची तोटी उघडून पाण्याची पातळी हेडच्या खाली आणा, सगळं पाणी काढायची गरज नाही. कूलंट बादलीत धरा आणि कुत्र्या-मांजरांपासून लांब ठेवा, कारण ते गोड लागतं आणि विषारी असतं. जुना होज चिकटला असेल तर स्क्रू-ड्रायव्हर घालून उचकटू नका, नळी चिरते. ब्लेडने उभा चिरून काढा. होज शंभर मिळतील, हाउसिंग शोधत फिरावं लागतं.

आता खरी डोकेदुखी. स्टड लोखंडी, हाउसिंग अॅल्युमिनियमचं आणि मध्ये वर्षानुवर्षं झिरपलेलं बोअरवेलचं पाणी. भोकात पांढरी पूड फुगते आणि स्टडला असा विळखा घालते की नट निघाले तरी हाउसिंग जागचं हलत नाही. नट ५/१६ इंची आटय़ांचे आहेत, त्यांना अर्ध्या इंचाचाच पाना लागतो. १३ मिमीचा पाना बसल्यासारखा वाटतो, पण किंचित सैल असतो आणि गंजलेल्या नटाचे कोपरे त्यानेच गोल होतात. आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारा आणि दोन-तीनदा पुन्हा मारा. नट निघाल्यावर तेल स्टडच्या कडेने भोकात जाऊ द्या. मग हाउसिंगला हीट गनने ऊब द्या. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून भोक जरा मोकळं होतं. लाकडी ठोकळा ठेवून आलटून पालटून बाजूंनी हलके टोले द्या. वरच्या नळीवर हातोडा मारला की मान तुटलीच म्हणून समजा.

तरीही नाही निघालं तर स्टडवर दोन नट एकमेकांवर लॉक करून खालच्या नटाला पाना लावा आणि स्टडच बाहेर काढा. स्टड पिळायला लागल्याचं जाणवलं की थांबा. हेडमध्ये तुटलेला स्टड ड्रिल करून काढणं हे अर्ध्या दिवसाचं काम आहे. त्यापेक्षा हॅकसॉच्या पात्याने हाउसिंगचा कान (स्टडचं भोक असलेली कड) स्टडपर्यंत चिरून ते बळी देणं स्वस्त पडतं.

हाउसिंग निघालं की हेडच्या तोंडात कापड कोंबा, नाहीतर खरवडलेला कचरा थेट वॉटर जॅकेटमध्ये, म्हणजे इंजिनातल्या पाण्याच्या वाटेत जाईल. थर्मोस्टॅटची कडा हेडमधल्या गोल खाचेत बसते आणि सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं ते या खाचेकडे. तिच्यात खार उरला की थर्मोस्टॅट वर डोकावतो, नट आवळले की हाउसिंग त्याच्या कडेवर टेकतं आणि तीन कान खाली वाकतात. वाकलेल्या कानांवर पॅकिंग टिकत नाही. मग माणूस आणखी आवळतो, कान आणखी वाकतात. खाच पितळी ब्रशने साफ करा. थर्मोस्टॅट ठेवून वरून बोट फिरवा, कडा बोटाला लागता कामा नये.

हाउसिंगची बैठक स्टीलच्या पट्टीवर धरून उजेडात बघा. ०.०५ मिमीचा फीलर (फट मोजायची पातळ पट्टी) खालून जात असेल तर घासायला हवं. जाड काचेच्या तुकड्यावर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवा, थोडं पाणी घाला, बैठकीवर मार्करने रेघा मारा आणि इंग्रजी आठच्या आकारात घासा. दर काही फेऱ्यांनी हाउसिंग फिरवून धरा. सगळ्या रेघा गेल्या की २४०वर एकदा घासा. पाण्याच्या भोकापासून कडेपर्यंत गेलेला खड्डा घासून जात नसेल तर नवं हाउसिंग घ्या. तिथे सिलिकॉन भरून भागत नाही.

हात लागलाच आहे तर थर्मोस्टॅटही तपासा. त्याच्या झडपेत दोरा अडकवून पातेल्यातल्या पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. सोबत थर्मामीटर ठेवा. ८२ (अंश सेल्सिअस) छापलेला असेल तर साधारण तेवढ्याच तापमानाला दोरा सुटून थर्मोस्टॅट खाली पडायला हवा. उष्ण भागासाठी ७४चाही मिळतो. ‘काढूनच टाका, गाडी थंड राहते’ हा सल्ला घेऊ नका. इंजिन कायम गार चालतं, पेट्रोल जास्त खातं आणि ऑइलमध्ये पाणी साचतं.

पॅकिंग पातळ पेपराचं, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासचं आणि एकच. दोन एकावर एक लावली की पुन्हा कान वाकले. कागद हाउसिंगवर धरून कडा ठोकून कापायची सवय सोडा, नुकती सपाट केलेली कडा त्यानेच मार खाते. पेन्सिलने आखून कात्रीने कापा. दोन्ही बाजूंना सील करणारं सोल्युशन बोटाने पुसट फासा. बाहेर ओघळ येईल तेवढं लावलं तर आतही तेवढंच सुटून रेडिएटरमध्ये अडकतं. स्टडच्या उघड्या भागावर कॉपर ग्रीस लावा, म्हणजे पुढच्या वेळी हॅकसॉ लागणार नाही. थर्मोस्टॅट बसवताना स्प्रिंगची बाजू खाली, इंजिनाकडे. तिन्ही नट आधी हाताने टेकवा, मग पाळीपाळीने पाव-पाव फेरा द्या. शेवटचा जोर फक्त ८ फूट-पौंड, म्हणजे ११ न्यूटन-मीटर. लांब दांड्याचा पाना वापरू नका, छोट्या पान्यावर मनगटाचा जोर पुरतो.

नवा होज लावा आणि डिस्टिल्ड पाण्यात निम्मं कूलंट मिसळून भरा. भरताना गाडीचं नाक चढावर ठेवा, वरचा होज दाबत राहा, बुडबुडे थांबले की भरत आणा. झाकण न लावता इंजिन जरा जास्त आयडलवर चालवा. वरचा होज आधी कोमट राहतो आणि मग एकाएकी तापतो, तो क्षण थर्मोस्टॅट उघडल्याचा. त्या वेळी पातळी खाली जाते, पुन्हा भरा आणि मग झाकण लावा. दुसऱ्या दिवशी इंजिन थंड असताना नट एकदा बघा. पॅकिंग बसलं की ते थोडे सैल होतात, पुन्हा ११ न्यूटन-मीटरवर आणा. त्यापुढे त्यांना हात लावायचा नाही.