बर्फावर मीठ टाकताना या चुका टाळा

अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या पहिल्याच हिवाळ्यात आम्ही बर्फ वितळावा म्हणून अर्धी गोणी मीठ घराच्या पायऱ्यांवर ओतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तो त्याचे पांढरे खडे बर्फावर जसेच्या तसे पडलेले. मिठात खोट नव्हती. रात्री पारा उणे २० अंश सेल्सिअसपर्यंत उतरला होता, आणि तेवढ्या थंडीत साधे मीठ, म्हणजेच सोडियम क्लोराइड, जवळपास निरुपयोगी ठरते.

मीठ बर्फावरील ओलाव्यात विरघळते, त्या खाऱ्या पाण्याचा गोठणबिंदू खाली जातो आणि ते पाणी बर्फाच्या तळाशी झिरपून त्याची जमिनीवरची पकड सैल करते. जमिनीचे तापमान उणे ९ अंशांच्या खाली गेले की ही क्रिया फार मंदावते. इथे हवेचे नव्हे, जमिनीचे तापमान पाहायचे असते. उन्हातला ड्राइव्हवे, म्हणजे घरासमोरची गाडीची वाट, मोकळा होतो, तेव्हा उत्तरेकडच्या सावलीतल्या पायऱ्यांवर बर्फ तसाच असतो. कडाक्याच्या थंडीत कॅल्शियम क्लोराइड वापरावे. ते विरघळताना उष्णता बाहेर टाकते आणि उणे २५ अंशांच्या आसपासही काम करते, परंतु ते महाग असते, शिवाय हवेतला ओलावा शोषून घेत असल्यामुळे जास्त झाल्यास फरशी बुळबुळीत होते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे फावड्याचे काम मिठावर ढकलणे. वीतभर साचलेल्या बर्फावर मीठ टाकले की वरचा थर अर्धवट वितळतो, खारे पाणी पातळ होत जाते आणि रात्री तेच काचेसारखे गोठून पहिल्यापेक्षा अधिक निसरडे होते. आधी बर्फ खरवडून काढावा, मग उरलेल्या पातळ पापुद्र्यापुरतेच मीठ टाकावे. उकळते पाणी ओतण्याचा उपायही याच कारणाने अंगलट येतो.

प्रमाणाच्या बाबतीत स्वयंपाकातला अंदाज चालत नाही. राज्याच्या प्रदूषण नियंत्रण संस्थेच्या सांगण्यानुसार २० फुटांच्या ड्राइव्हवेला १२ औंसांचा, म्हणजे कॉफीचा एक मग मीठ पुरते. खडे सुटे सुटे पडले पाहिजेत. ढीग दिसत असेल तर ते जास्त झाले. कोरड्या जमिनीवर उरलेले खडे झाडून पुन्हा डब्यात भरावेत, कारण मिठातले क्लोराइड एकदा तळ्यात गेले की ते परत काढता येत नाही, आणि चमचाभर मीठ सुमारे १९ लिटर पाणी दूषित करण्यास पुरेसे असते.

वाळूने पायाला पकड मिळते, पण बर्फ वितळत नाही. नव्या काँक्रीटवर पहिल्या हिवाळ्यात मीठ टाकूच नये, कारण पाणी पुन्हा पुन्हा गोठून-वितळून त्याचे पापुद्रे निघू लागतात. तिथे वाळूच बरी. कुत्रा असल्यास फिरून आल्यावर त्याचे पंजे कोमट पाण्याने धुवावेत, नाहीतर बोटांच्या बेचक्यात अडकलेले खडे तो चाटत बसतो.

बर्फ पडण्याच्या आदल्या दिवशी हमरस्त्यांवर जे पांढरे समांतर पट्टे दिसतात, ते सुमारे २३ टक्के मीठ असलेल्या पाण्याचे असतात. बर्फ मुळात जमिनीला चिकटूच नये म्हणून ते आधीच फवारतात, आणि त्यामुळे मीठही कमी लागते.