खाऱ्या हवेत जुन्या पद्मिनीच्या इंजिनाचे भाग कसे उजळावेत

दापोलीपासून मालवणपर्यंत किनाऱ्यालगत वर्षानुवर्षे उभ्या असलेल्या प्रीमियर पद्मिनी मोटारीचे बॉनेट उघडले, तर तेल-मातीच्या थराखाली मीठ साचलेले असते. ते हवेतला ओलावा ओढून घेते आणि वरून कितीही चांगला रंग दिला तरी आतून गंज चालूच ठेवते. म्हणून रंगापेक्षा धुण्याला व वाळवण्याला अधिक वेळ द्यावा आणि हे काम पावसाळ्यात न काढता दिवाळीनंतर हाती घ्यावे.

भाग सुटे करण्यापूर्वी त्यांची छायाचित्रे काढावीत. रॉकेल किंवा डिझेलने तेलकटपणा काढून भाग साबणाने धुवावेत. मात्र किनाऱ्याजवळच्या अनेक विहिरींचे पाणी मचूळ असल्याने शेवटचा हात बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याचा असावा.

यानंतर धातू ओळखणे अत्यंत महत्त्वाचे आहे. पद्मिनीचा ब्लॉक बिडाचा, तर हेड ॲल्युमिनियमचे असते. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो आणि कार्ब्युरेटरच्या जस्तमिश्रित बॉडीलाही सोडत नाही. शंका असल्यास लोहचुंबक लावून पाहावा. आपल्याकडे तांब्या-पितळेची भांडी आमसुलाने घासतात, तसेच बाहेरचे पितळी जोड उजळता येतात. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणाऱ्या जेटच्या छिद्रात मात्र तार कधीही घालू नये, कारण छिद्र किंचितही मोठे झाले तर पेट्रोलचे प्रमाण बिघडते.

बिडाच्या व पोलादी भागांचा गंज काढण्यासाठी विजेची पद्धत मला सर्वांत सौम्य वाटते. प्लॅस्टिकच्या टबात पाच लिटर पाण्याला एक मोठा चमचा धुण्याचा सोडा विरघळवून, १२ व्होल्टच्या बॅटरी चार्जरची ऋण तार भागाला आणि धन तार टाकाऊ लोखंडी पट्टीला जोडावी. दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नयेत. पट्टी स्टेनलेस स्टीलची वापरल्यास पाण्यात विषारी क्रोमियम उतरते, म्हणून ती कटाक्षाने टाळावी. या क्रियेत हायड्रोजन वायू निघत असल्याने टब उघड्या पडवीत ठेवावा, जवळ विस्तव नसावा आणि हात घालण्यापूर्वी चार्जर बंद करावा. व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा यात घालू नयेत. हायड्रोजन शोषून त्या ठिसूळ होतात.

बाहेर काढलेला भाग आपल्या हवेत पाहता पाहता पुन्हा तांबूस होतो. तो लगेच धुऊन, पुसून, हाताला चांगला गरम लागेपर्यंत तापवावा आणि त्याच दिवशी प्रायमर द्यावा. रंगकामासाठी सकाळी दव वाळल्यानंतरची, पण खारे वारे सुटण्यापूर्वीची वेळ उत्तम. गॅस्केट, म्हणजे दोन भागांमधल्या सांध्यातून गळती रोखणाऱ्या पट्ट्या, बसतात ते पृष्ठभाग चिकटपट्टीने झाकावेत, तेथे पॉलिश पेपरही लावू नये. हेडवरच्या झाकणाला, म्हणजे टॅपेट कव्हरला, साधा इंजिन इनॅमल पुरतो. जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर तो जळून जातो, म्हणून तेथे उच्च तापमानाचा सिलिकॉन रंगच द्यावा आणि डब्यावरील सूचनेप्रमाणे टप्प्याटप्प्याने तापवून पक्का करावा. यंत्रावर गुळगुळीत केलेल्या, न रंगवलेल्या पृष्ठभागांवर इंजिन ऑइलचा पातळ हात फिरवून, जोडणी होईपर्यंत ते भाग बंद पिशवीत ठेवावेत.