एअरबॅगचा दिवा विझत नाही? या चुका टाळा

आपल्या इंदुरात गाडीच्या पुढच्या सीटवर माणसापेक्षा सामानच जास्त बसतं. सियागंजातला किराणा, शेवेची पाकिटं आणि भाद्रपदात साक्षात गणपती. गादीतल्या सेन्सरला वजन तेवढं कळतं, मग पट्टा न लावल्याचा दिवा लागतो, बझर वाजतो आणि लोक म्हणतात, ‘सेन्सर गेला’. सामान मागे ठेवून बघा. बझर थांबला तर सेन्सर ठणठणीत आहे.

पट्टा लावूनही बझर वाजतोय? मग टॉर्च मारून बकलची खाच बघा. शेवेचा चुरा किंवा सांडलेलं सरबत आतल्या स्विचपर्यंत गेलेलं असतं. व्हॅक्यूमने ओढून घ्या, तेलाचा स्प्रे मारू नका. बझर बंद करणारी खोटी क्लिप तर नकोच. 2023 मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ती ऑनलाइन विक्रीतून काढायला लावली, तरी गाड्यांत अजून दिसते.

हे झालं पट्ट्याच्या दिव्याचं. एअरबॅगचा दिवा वेगळा: बसलेला माणूस आणि त्याच्यासमोर गोल फुगा. चावी फिरवल्यावर तो काही सेकंद पेटून विझायला हवा. पेटूनच राहिला, तर धडकेत एअरबॅग उघडेल याची खात्री धरू नका. जुनी गाडी घेताना तो मुळीच पेटला नाही, तर जास्त सावध व्हा. कुणीतरी दिवाच काढून टाकलेला असू शकतो.

दोष बऱ्याचदा सीटखाली असतो. तिथे पिवळे कनेक्टर दिसतील. सीट मागेपुढे करताना वायर ताणली जाते, घरंगळत गेलेली बाटली अडकते आणि पिन सैल होते. सीट सरकवली की दिवा लागतो-विझतो, हे त्याचं लक्षण. मेकॅनिकला नेमकं हेच सांगा. स्वतः मात्र कनेक्टर उपसू नका. इग्निशन चालू असताना तो काढला की नवाच फॉल्ट मेमरीत बसतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढून, मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबल्याशिवाय जाणकारही तिथे हात घालत नाही, कारण मॉड्यूलमध्ये, म्हणजे एअरबॅग चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरमध्ये, चार्ज शिल्लक असतो. एअरबॅगला मल्टिमीटर लावणं तर जिवाशी खेळ. तेवढ्या करंटनेही ती फुटू शकते.

माझा सगळ्यात जास्त राग सीट कव्हरवाल्यांवर आहे. सीट उचकटतात, कनेक्टर अर्धवट बसवतात आणि पाठीच्या कडेला साइड एअरबॅग असते तिथेच जाड रेग्झिन ओढून शिवतात. त्या बाजूला एअरबॅग उघडताना उसवणारी शिवण असलेलंच कव्हर घ्या. प्रवाशाचं वजन मोजून एअरबॅग चालू-बंद करणारी गाडी असेल, तर सीट काढल्यावर रिकाम्या सीटवर कॅलिब्रेशन करून, म्हणजे वजनाचं माप पुन्हा शून्यावर लावून घ्यावं लागतं.

हॉर्न किंवा स्टीअरिंगवरची बटणंही बंद पडली असतील, तर सीट सोडा. स्टीअरिंगमागची क्लॉक स्प्रिंग तपासायला सांगा. फिरणाऱ्या स्टीअरिंगमधल्या एअरबॅग, हॉर्न आणि बटणांना जोडणारी ती गुंडाळलेली वायर.

गाडीतले फॉल्टचे कोड वाचणारा स्वस्तातला स्कॅनर बहुधा इंजिनाचेच कोड वाचतो, त्यामुळे ‘फॉल्ट नाही’ यावर विसंबू नका. एअरबॅगचे कोड साधारणपणे ‘बी’ने सुरू होतात, तो कोड बिलावर लिहून घ्या. ‘रेझिस्टर टाकून दिवा घालवतो’ म्हणणाऱ्याकडून गाडी तशीच परत आणा. रेझिस्टर मॉड्यूलला फसवतो, एअरबॅग दुरुस्त करत नाही.