वजनांच्या पेटीतून बेरजा मोजताना

दिलेल्या संख्यांमधून किती वेगवेगळ्या बेरजा मिळतील, असे विचारले की बहुतेक विद्यार्थी निवडी मोजतात आणि तेथेच फसतात. दोन निराळ्या निवडींची बेरीज एकच येऊ शकते.

सोलापूरच्या मंगळवार बाजारात ज्वारी तोलणाऱ्याकडे १, २, ५ आणि १० किलोचे एकेक वजन आहे, असे समजू. वजने एकाच पारड्यात ठेवायची आहेत. (दुसऱ्या पारड्यात ज्वारीच्या बाजूलाही वजन ठेवू दिले, तर वजाबाकी शिरते आणि गणितच बदलते.) प्रत्येक वजन घ्यायचे किंवा सोडायचे, म्हणून निवडी २ × २ × २ × २ = १६ आणि रिकामे पारडे वगळता १५. येथे एकही बेरीज दोनदा येत नाही, म्हणून उत्तरही १५ आहे. पण १ ते १८ मधील ४, ९ आणि १४ किलो तोलता येत नाहीत.

आता १, २, २, ५ ही वजने घ्या. प्रयोगशाळेतील वजनपेटीतही २ ग्रॅमची वजने दोन असतात, ती उगीच नव्हेत. अशा वेळी एक ओळ वाढवत न्यावी. आरंभी फक्त ० लिहावा. प्रत्येक नवे वजन ओळीतील सर्व संख्यांत मिळवून येणाऱ्या नव्या संख्या ओळीत घालाव्यात, आधीच असलेल्या पुन्हा लिहू नयेत. १ घेतल्यावर ०, १. २ घेतल्यावर ० ते ३. दुसरे २ घेतल्यावर ० ते ५. आणि ५ घेतल्यावर ० ते १०. शून्य वगळता बेरजा १०. यांतील ५ ही बेरीज ५ ने एकदा आणि १ + २ + २ ने पुन्हा मिळते, पण मोजायची एकदाच. ओळ ० ते स पर्यंत सलग असताना पुढचे वजन स + १ पेक्षा मोठे नसेल, तर खंड पडत नाही. आधीच्या पेटीत ० ते ३ नंतर एकदम ५ आल्यामुळेच ४ निसटला.

१ ते १० मधून तीन भिन्न संख्या निवडायच्या असतील, तर १२० निवडी लिहीत बसू नये. लहानात लहान बेरीज ६, मोठ्यात मोठी २७; निवडलेली एखादी संख्या दर वेळी एकाने वाढवत ६ पासून २७ पर्यंत जाता येते, म्हणून बेरजा २७ − ६ + १ = २२. ही युक्ती सलग संख्यांसाठीच आहे: १, २, ५, १० मधून दोन निवडल्यास ३ ते १५ या १३ संख्यांपैकी ३, ६, ७, ११, १२ आणि १५ या सहाच मिळतात.