माद्रिदच्या ‘बोतीन’मध्ये जेवायला जाताना

यवतमाळ-वाशीमकडच्या गावांतून मुलांकडे माद्रिदला जाणाऱ्या आईवडिलांनी, १७२५ साली सुरू झालेल्या आणि जगातील सर्वांत जुने रेस्टॉरंट म्हणून गिनीज बुकात नोंद असलेल्या ‘सोब्रिनो दे बोतीन’मध्ये एकदा तरी अवश्य जेवावे. टेबल मात्र मुलांकडून आधीच ऑनलाइन राखून घ्यावे.

स्पेनमध्ये दुपारचे जेवण दोनच्या सुमारास आणि रात्रीचे नऊनंतर होते. दिवेलागणीलाच जेवून मोकळे होणाऱ्यांनी शक्यतो दुपारची वेळ घ्यावी.

येथील मुख्य पदार्थ म्हणजे कोचिनिय्यो, अर्थात डुकराचे दूधपिते पिल्लू. ते मातीच्या पसरट भांड्यात ठेवून लाकडे जाळून तापवलेल्या जुन्या भट्टीत सावकाश भाजतात. त्यामुळे कातडी कुरकुरीत होते आणि आतले मांस लोण्यासारखे मऊ राहते. गोवऱ्यांच्या निखाऱ्यावर रोडगे भाजणाऱ्यांना मंद आचेचे हे मोल सांगावे लागत नाही. डुक्कर चालत नसल्यास भाजलेले कोकरू मागवावे. सावजी रश्श्याची सवय असलेल्या जिभेला हे जेवण फिके वाटेल, तरी तिखट न मागता पहिले दोन घास तसेच खावेत, कारण येथे खरी चव मांसाची आणि आचेची असते.

शाकाहारी मंडळींनी अधिक सावध राहावे. लसणाच्या सूपमध्ये अंडे असते आणि भाजीतही हॅमचे, म्हणजे डुकराच्या खारवलेल्या मांसाचे, तुकडे येऊ शकतात. म्हणून ‘सिन कार्ने, सिन हामोन, सिन पेस्कादो, सिन उएवो’, म्हणजे मांस, हॅम, मासे, अंडे नको, असे एकेक नाव घेऊन सांगावे. टीप देणे सक्तीचे नाही.